आपलं लोकल चॅनल नेमकं कोणाचं होतं?

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, शहादा, कुठलंही गाव घ्या, तिथल्या चाळिशीच्या माणसासमोर "लोकल चॅनल" म्हटलं की त्याला लगेच काहीतरी आठवतं. रात्री उशिरापर्यंत चाललेली विसर्जनाची मिरवणूक, दहावीला शाळेत पहिल्या आलेल्या पोरीची मुलाखत, खाली सरकणारी साड्यांच्या सेलची पट्टी, मधेच कुणाच्या तरी दशक्रियेची सूचना आणि फोटो. पण त्याच माणसाला विचारा की भाऊ ते चॅनल होतं कोणाचं, तर उत्तर येतं "त्या केबलवाल्याचं असेल". आता कुठला केबलवाला? दर महिन्याला वसुलीला यायचा तो, का ज्याच्या गच्चीवर मोठ्या डिश होत्या तो, का ज्याच्या जिवावर ती कंट्रोल रूम चालायची तो? इथे सगळे अडतात. माझं बालपण आणि कॉलेज धुळ्यात गेलं, एक जवळचा मित्र कंट्रोल रूममध्ये एडिटिंग करायचा म्हणून मी तिथे तासन्‌तास बसलेलो आहे, आणि तरी हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. आता पडलाय आणि तो महत्त्वाचा का वाटतो तेही खाली लिहितो, जरा मोठं होईल पण वाचा.

सुरुवात दूरदर्शनपासून करायला लागेल. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं पण त्याचा आपल्याला काय उपयोग, सह्याद्री ओलांडून ते सिग्नल खान्देशात कुठे यायचे. लहान गावांपर्यंत टीव्ही खरा पोचला तो 1983 मध्ये इन्सॅट 1-बी वर गेल्यावर, कारण मग 1984 पासून देशभर छोट्या ताकदीचे ट्रान्समीटर भराभर उभे राहिले, उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम घ्यायचा आणि गावात सोडायचा. म्हणजे आपल्याकडे टीव्ही आला तो थेट दिल्लीचा आला. मराठी सुद्धा त्यात कमीच, अहिराणी तर सोडूनच द्या.

याच काळात व्हीसीआर आले. लग्नात, गणपतीत भाड्याने व्हिडिओ आणायचा, रात्रभर पिक्चर लावायचे. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की व्हीसीआर आपल्या घरी ठेवायचा आणि वायर गल्लीभर फिरवायची, घरटी महिन्याला थोडे पैसे, दुपारी एक पिक्चर रात्री एक पिक्चर. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण याचा अर्थ असा की आपल्या वायरीवरचं पहिलं चॅनल लोकलच होतं! परदेशी चॅनल नंतर आले. जानेवारी 1991 मध्ये आखाती युद्ध लाईव्ह दिसलं आणि मोठ्या शहरांत डिशचं वेड लागलं, त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार सुरू झालं, 2 ऑक्टोबर 1992 ला झी आलं, आणि मग ज्या पोरांनी व्हीसीआरची वायर टाकली होती त्यांनीच गच्चीवर डिश बसवल्या. वायर आधीच तयार होती, गिऱ्हाईक तयार होतं.

आता मालकीची गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, खटकणारी गोष्ट आहे. स्टारचे मालक हाँगकाँगचे ली का-शिंग होते, 1993 मध्ये रुपर्ट मर्डॉक यांनी त्यातला 63.6 टक्के हिस्सा घेतला आणि पुढे 1995 मध्ये उरलेला पण घेतला. हे सगळं तेव्हा पेपरात छापून आलं, त्यावर लेख झाले, परकीय मालकी चांगली का वाईट यावर भाषणं झाली. झी सुभाष चंद्रांचं हे तर शेंबड्या पोराला माहिती. पण ज्या चॅनलवर आपल्या नगरपालिकेची बातमी लागायची, आपल्या वॉर्डातला पाण्याचा प्रश्न दाखवायचा का नाही हे ठरायचं, त्याच्या मालकाचं नाव कुठेच छापलं जात नव्हतं. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाला संपादक, मुद्रक, प्रकाशक, मालक सगळं लिहावं लागतं, तसा कायदाच आहे. लोकल चॅनलच्या पडद्यावर फक्त एक फिरणारा लोगो.

कायदा आला नाही असं नाही. सप्टेंबर 1994 मध्ये वटहुकूम निघाला आणि 1995 मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमन कायदा झाला. त्यात केबल ऑपरेटरने नोंदणी करायची असं ठरलं आणि ती नोंदणी कुठे, तर हेड पोस्ट ऑफिसमध्ये! बऱ्याच जणांना हे खरं वाटत नाही. फी 500 रुपये, मुदत एक वर्ष, दरवर्षी रिन्यू. जिथे आपण रजिस्टर पत्र टाकायला आणि आरडीचे पैसे भरायला जायचो तिथेच कुठल्यातरी टेबलावर आपल्या गावातल्या सगळ्या केबलवाल्यांची नोंद होती. अट काय होती, तर ऑपरेटर भारतीय नागरिक पाहिजे, किंवा भारतीय नागरिकांचा गट, आणि कंपनी असेल तर निदान 51 टक्के भांडवल भारतीय नागरिकांचं पाहिजे. म्हणजे परदेशी माणूस मागच्या दाराने येऊ नये याची काळजी होती. नगरसेवक, आमदार, त्याचा भाऊ, त्याचा ड्रायव्हर, यांच्याबद्दल त्यात काही नाही.

आणि मुख्य मुद्दा, नोंदणी नेटवर्कची होती. चॅनलची नव्हतीच. एकदा का वायरीचं रजिस्ट्रेशन झालं की त्या वायरीत एक मॉड्युलेटर (व्हिडिओला चॅनल बनवून वायरीवर सोडणारं यंत्र) लावून स्वतःचं चॅनल सोडायला वेगळी परवानगी कोणी विचारत नव्हतं, फक्त प्रोग्राम कोड आणि जाहिरात कोड, म्हणजे काय दाखवायचं नाही याचे नियम, पाळा एवढं. ज्यांना उपग्रहावरचं न्यूज चॅनल काढायचं त्यांना 2011 च्या नियमाप्रमाणे 20 कोटींची नेटवर्थ दाखवावी लागायची, गृह मंत्रालयाची सुरक्षा तपासणी व्हायची, संचालक कोण भागधारक कोण सगळं उघड. आणि लाख-दोन लाख वस्तीच्या शहरात रोज संध्याकाळी बातम्या देणाऱ्याला पोस्टात 500 रुपये, ते पण त्याच्या नावावर असतील तर. माझा याला विरोध नाही की लहान माणसाला चॅनल काढणं सोपं होतं, ते फार चांगलं होतं, त्याच्यामुळेच तर आपल्याला आपलं काहीतरी बघायला मिळालं. माझं म्हणणं एवढंच की सोपं ठेवायचं होतं तर निदान नाव लिहायला लावायचं होतं.

दुसरं रजिस्टर होतं कलेक्टर ऑफिसला, करमणूक कर शाखेत. कर कनेक्शनवर होता म्हणून तिथे रस कनेक्शन किती यात होता, आणि म्हणूनच कनेक्शनचा आकडा कमी दाखवायची पद्धत सगळीकडे पडली, हे या धंद्यातला कोणीही माणूस सांगेल. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो करही त्यात गेला. तर दोन सरकारी दफ्तरं होती आणि दोन्हीत चॅनल नावाची गोष्टच नव्हती.

मग मालक ठरायचा कसा? मी कंट्रोल रूममध्ये जे पाहिलं त्यावरून सांगतो. तीन थर असायचे. खाली लाईनवाले, म्हणजे एकेका एरियात ज्यांची वायर आहे, ज्यांची पोरं शिडी घेऊन पोलवर चढतात, बूस्टर बदलतात आणि वसुली करतात. त्यांच्यावर कंट्रोल रूमवाला, त्याच्याकडे डिश, रिसीव्हर, मॉड्युलेटर, तो लाईनवाल्यांना फीड द्यायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा. आणि तिसरा, कार्यक्रम करणारा, कॅमेरा घेऊन फिरणारा, बातम्या लिहिणारा, जाहिराती आणणारा. लोकांना दिसायचा फक्त तिसरा. त्याला रस्त्यात लोक थांबवायचे, त्याला शाल-श्रीफळ मिळायचं, गावाला वाटायचं चॅनल याचंच. खरं तर तो बरेचदा स्लॉट भाड्याने घेतलेला असायचा किंवा जाहिरातीत हिस्सा ठरलेला असायचा, आणि कंट्रोल रूमवाल्याच्या मनात आलं की संध्याकाळी आठच्या बुलेटिनला पडदा काळा. भांडण झालं तर दुसऱ्या कंट्रोल रूमला जायचं, पण मग निम्म्या शहरात दिसणार आणि निम्म्यात नाही, कारण पलीकडच्या एरियात वायर वेगळ्या माणसाची.

आणि एरिया हे प्रकरण साधं नव्हतं. वायर कुठून कुठपर्यंत न्यायची यावरून मारामाऱ्या झाल्या आहेत, रात्रीतून वायरी कापल्या गेल्या आहेत, हे सगळ्या महाराष्ट्रात झालं तसं आपल्याकडेही झालं. ज्याला एरिया सांभाळता येतो त्याच्याकडे पोरं असतात, आणि ज्याच्याकडे पोरं असतात तो निवडणुकीला उभा राहतो, किंवा उभ्या राहणाऱ्याच्या पाठीशी असतो. केबलवाला नगरसेवक झाला आणि नगरसेवक केबलवाला झाला, दोन्ही बाजूंनी वाहतूक होती. मी कुणाचं नाव घेत नाही, तुम्ही तुमच्या गावात बघा, दोन-तीन नावं तुमच्याच तोंडावर येतील. त्यामुळे कुठल्या चॅनलवर कुठल्या भाऊंच्या वाढदिवसाच्या जाहिराती दिवसभर चालतात आणि कुठल्या दादांचा मोर्चा दाखवलाच जात नाही, यावरून लोक मालक ओळखायचे. तेवढीच एक पद्धत होती.

तामिळनाडूत हाच प्रश्न मोठ्या आकारात झाला. तिथे सन ग्रुपची सुमंगली केबल आणि त्यांचं राजकीय घराण्याशी नातं, मग 2007 मध्ये सरकारनेच अरसु केबल नावाची कंपनी काढली, म्हणजे एका राजकीय केबलला उत्तर म्हणून सरकारी केबल. ट्रायने, म्हणजे टेलिकॉम आणि केबलवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2008 मध्ये आणि परत 2012 मध्ये शिफारस केली की राजकीय पक्ष आणि सरकारांनी प्रसारणाच्या आणि केबल वितरणाच्या धंद्यात पडू नये. 2014 मध्ये मीडिया मालकीवर वेगळ्या शिफारशी आल्या. तिकडे निदान वाद झाला, लोकांना नावं माहिती होती. आपल्याकडे नगरपालिकेच्या पातळीवर तीच गोष्ट गुपचूप चालली, कारण आकार लहान होता.

आता एवढं सगळं वाचून वाटेल की हा माणूस लोकल चॅनलच्या विरोधात आहे. अजिबात नाही! मला त्या चॅनलांबद्दल खूप माया आहे आणि ती का हे सांगायलाच पाहिजे.

आपल्या भागात किती बोली आहेत बघा. धुळे, साक्री, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव पट्ट्यात अहिराणी, रावेर-यावल-भुसावळकडे लेवा गणबोली, ज्या बोलीत बहिणाबाई बोलल्या ती, वर सातपुड्यात भिल्ली, पावरी, गावागावात गुजर लोकांची बोली, भुसावळला रेल्वेमुळे तर अख्खा देश. यातली एक तरी बोली दूरदर्शनवर किंवा सॅटेलाईट चॅनलवर रोज ऐकू येत होती का? नाही. आली ती लोकल केबलवर. अहिराणी गाण्यांच्या सीड्या, अहिराणी कॉमेडी, लग्नातली गाणी, ही आधी बसस्टँडजवळच्या टपऱ्यांवर विकली गेली आणि मग दुपारच्या वेळी लोकल चॅनलवर वाजली. आमच्या शेजारच्या आजी, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, त्यांनी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या आणि म्हणाल्या "टीव्हीवर आपली बोली कसी काय उनी भो?" त्या आजींना तोपर्यंत वाटायचं की टीव्हीत बोलायचं तर पुस्तकातलंच बोलावं लागतं. एका बाईचा असा समज आयुष्याच्या शेवटी शेवटी का होईना दूर झाला, हे काम कुठल्या मोठ्या चॅनलने केलं नसतं.

मग यात्रा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, घरोघर रोट होतात, सोमवारी वाजत गाजत विसर्जन. हा आपला सगळ्यात मोठा घरगुती सण आणि पुण्या-मुंबईच्या चॅनलवर त्याची एक ओळ नसायची. लोकलवर दिवसभर कानबाई. चैत्र पौर्णिमेला धुळ्यात पांझरेकाठी एकवीरा देवीची यात्रा, वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांचा उत्सव आणि रथ, कार्तिकी एकादशीला जळगावचा श्रीराम रथ, दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार, आषाढीला कोथळीहून निघणारी मुक्ताईची पालखी. जी म्हातारी माणसं गर्दीत जाऊ शकत नाहीत त्यांनी खाटेवर बसून हात जोडले ते लोकल चॅनलमुळे. कॅमेरा हलायचा, आवाज फाटायचा, मधेच कोणीतरी पोरगं कॅमेऱ्यासमोर येऊन हात हलवायचं, चालायचं सगळं. घरी गेल्यावर त्या पोराची आई गल्लीत सांगायची, "मना पोऱ्या टीव्हीवर उना".

बातम्यांचं तंत्र पण इथल्या परिस्थितीतून तयार झालेलं होतं. लोडशेडिंगचे दिवस आठवा, एका फीडरला संध्याकाळी लाईट नाही तर दुसऱ्याला रात्री नाही. मग बुलेटिन एकदा दाखवून काय उपयोग, म्हणून तेच बुलेटिन आठला, दहाला, परत सकाळी सातला. प्रत्येक भागाला कुठल्या ना कुठल्या वेळी दिसलंच पाहिजे असा हिशोब. मित्र दुपारपर्यंत कॅसेटवरचं फुटेज कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, एकच माणूस एडिटर, तोच ग्राफिक्सवाला, कधी निवेदिका आली नाही तर व्हॉइसओव्हर पण त्याचाच. दुसऱ्या गावच्या कंट्रोल रूमला बातम्या पाठवायच्या तर सीडी बनवून एसटीच्या कंडक्टरकडे नाहीतर मोटरसायकलवर. मे महिन्यात पारा 45 च्या वर, कंट्रोल रूममध्ये मशीनची उष्णता वेगळी, एसी असला तर तो मशीनसाठी, माणसासाठी नाही.

वाईट गोष्टीही होत्या, लपवायच्या कशाला. रात्री नवे पिक्चर लागायचे, थिएटरमध्ये चाललेले, कॅमेऱ्याने चोरून काढलेले. थिएटरवाल्यांचं त्यात फार नुकसान झालं. 2009 मध्ये महाराष्ट्राने झोपडपट्टीदादा वगैरेंसाठीच्या एमपीडीए कायद्यात व्हिडिओ पायरेट पण घातले, म्हणजे स्थानबद्धतेपर्यंत प्रकरण गेलं, मग हळूहळू ते कमी झालं.

आता हे सगळं बदललं कधी आणि कसं, कारण इथेच मालकीचा प्रश्न फिरला. अॅनालॉग केबलमध्ये लाईन ज्याच्या हातात तो कुठेही मॉड्युलेटर लावून चॅनल घुसवू शकत होता. सरकारने 2011 मध्ये कायदा बदलून डिजिटल सक्तीचं केलं. पहिल्या टप्प्यात 2012 ला चार महानगरं, दुसऱ्यात मार्च 2013 ला मोठी शहरं, तिसऱ्यात उरलेला सगळा शहरी भाग, त्याची तारीख होती 31 डिसेंबर 2015, आणि चौथ्यात गावं, मार्च 2017. आपली शहरं तिसऱ्या टप्प्यातली. घरोघर सेट टॉप बॉक्स आले. लोकांनी त्याला फक्त खर्च म्हणून पाहिलं, बॉक्सचे पैसे कशाला म्हणून वाद घातले, पण आत काय झालं ते बघा. आता सगळे चॅनल लांबच्या मोठ्या शहरातल्या हेडएंडला, म्हणजे मोठ्या कंपनीच्या कंट्रोल रूमला, एकत्र होतात, तिथेच ते लॉक होतात म्हणजे एन्क्रिप्ट होतात, आणि फायबरवरून तयार माल आपल्या गावात येतो. गावातल्या लाईनवाल्याला त्यात स्वतःहून एक चॅनल सुद्धा घालता येत नाही, बॉक्स ते उघडणारच नाही. घालायचं असेल तर वरच्या एमएसओकडे, म्हणजे तो हेडएंड चालवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीकडे जा, त्याच्या अटी, त्याचे पैसे. शिडी आणि वसुली गावात राहिली, किल्ली गेली बाहेर.

आणि ती किल्ली पण एका हातात राहिली नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या देशातल्या दोन मोठ्या केबल कंपन्यांमध्ये बहुमताचा हिस्सा घ्यायचा करार जाहीर केला. 2019 च्या फेब्रुवारीत ट्रायचे नवे दर आले, 130 रुपये अधिक टॅक्स आणि मग चॅनल निवडा, त्यात लोकांनी डोकं धरलं, बऱ्याच जणांनी केबलच काढून टाकली, कारण तोपर्यंत मोबाईलवर स्वस्त डेटा येऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. लोकल बातमीवाला पण यूट्यूबवर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. एका अर्थाने बरं झालं, कंट्रोल रूमवाल्याच्या मर्जीतून सुटला. पण कानबाईला अख्खी गल्ली एकच गोष्ट एकाच वेळी बघत होती ते संपलं, आणि आता बातमी कोणाच्या पैशाने होते हे कळणं तर अजूनच अवघड झालंय.

शेवटी सरकारने लोकल चॅनलची दखल घेतली ती 30 नोव्हेंबर 2022 ला, एमएसओंच्या "प्लॅटफॉर्म सर्व्हिस" साठी, म्हणजे त्यांनी स्वतःच्या नेटवर्कवर चालवलेल्या चॅनलसाठी, मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्येक चॅनलची ऑनलाईन नोंदणी, फी 1000 रुपये, नेटवर्कच्या क्षमतेच्या 5 टक्क्यांपर्यंतच असे चॅनल, 90 दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवायचं, पडद्यावर प्लॅटफॉर्म सर्व्हिस असं लिहायचं, लोकल बातम्या द्यायच्या तर कंपनी म्हणून नोंदणी पाहिजे. म्हणजे जे मी वर म्हणालो की निदान नाव लिहायला लावा, त्यातलं काही झालं, पण पंचवीस-तीस वर्षं उशिरा, चॅनल मरायला टेकल्यावर. आणि त्यात एक अट अशी की कार्यक्रम त्याच नेटवर्कपुरता पाहिजे, दुसऱ्या नेटवर्कला द्यायचा नाही, मंदिर-गुरुद्वारा अशा ठिकाणच्या लाईव्हला तेवढी सूट. आपल्या भागात एक छोटा माणूस तेच बुलेटिन चार कंट्रोल रूमना देऊन पोट भरायचा. ही अट ज्याने लिहिली त्याने असा माणूस पाहिलेला नसावा असं मला वाटतं, आणि ती बदलायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मी हे सगळं आज का लिहितोय, तर टेपांमुळे.

त्या सगळ्या वर्षांचं फुटेज कुठे आहे? व्हीएचएस कॅसेट, मिनी डीव्ही, सीड्या, जुन्या हार्ड डिस्क. अर्ध्या अधिक कॅसेट तेव्हाच पुसल्या गेल्या, कारण कोरी कॅसेट महाग, कालच्या बातमीवर आजची बातमी. ज्या उरल्या त्या कंट्रोल रूम विकल्या गेल्या तेव्हा सामानाबरोबर गेल्या, काही भंगारात, काही कुणाच्या तरी माळ्यावर पत्र्याखाली तापतायत. मित्राकडे एक खोकं आहे, त्यावर बुरशी धरलीय, काही उघडल्यावर आंबट वास येतो. त्यात कुठल्यातरी ग्रामसभेत कोण काय बोललं, कुठल्या गिरणी कामगाराची मुलाखत, कुठल्या शाहिराचा आवाज, हे असू शकतं आणि ते दुसरीकडे कुठेच नाही, कारण दिल्ली-मुंबईचा कॅमेरा तेव्हा इथे आलाच नव्हता.

आम्ही ठरवलं की याच्या कॉपी करून ठेवू, आणि तिथे परत तोच प्रश्न आडवा आला, मालक कोण? चित्रफितीवरचा कॉपीराइट 60 वर्षं असतो आणि तो निर्मात्याचा असतो. निर्माता कोण, ज्याने शूट केलं तो का ज्याने पैसे लावले तो? ज्याच्या नावावर पोस्टात नोंदणी होती तो, का ज्याने नंतर नेटवर्क विकत घेतलं तो? मित्राने दोन जुन्या माणसांना फोन केले, एक म्हणाला माझं काही नाही त्यांना विचारा, दुसरा म्हणाला त्यांना विचारा माझं काही नाही. तेव्हा जाहिरातीचे पैसे घेताना मालक होते, आता बुरशी लागलेल्या कॅसेटला कोणी वाली नाही. मला याचा राग येतो आणि वाईट पण वाटतं.

धुळ्यासारख्या गावात हे होतंय म्हणून जास्त वाटतं. इतिहासाचार्य राजवाडे 1926 मध्ये धुळ्यातच गेले, त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेल्या कागदांसाठी इथल्या लोकांनी 1927 मध्ये संशोधन मंडळ काढलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतून हस्तलिखितं गोळा केली आणि समर्थ वाग्देवता मंदिर उभं केलं. लोकांच्या घरात, देवळाच्या कोनाड्यात पडलेली, वाळवी लागलेली बाडं होती ती, त्यांचाही मालक कोण हे धड कोणाला माहिती नव्हतं. तेव्हाच्या लोकांनी आधी वाचवली आणि मग विचारत बसले. आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलंय, तिथे पत्रकारिता शिकवतात, बोलींवर काम होतं, त्यांनी एक खोली आणि एक चालू व्हीसीआर एवढं जरी दिलं तरी पुष्कळ होईल.

सध्या आम्ही जे करतोय ते सांगतो. पहिलं म्हणजे हेड पोस्ट ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय, दहा रुपयांचा, त्यात 1995 पासूनच्या केबल नोंदणीच्या रजिस्टरची प्रत मागितलीय, नेटवर्कचं नाव आणि ते कोणत्या वर्षी कोणाच्या नावावर होतं एवढंच. दुसरं म्हणजे जुन्या पावत्या गोळा करतोय. हसू नका, केबलच्या पावतीवर नेटवर्कचं नाव असायचं, कधी प्रोप्रायटरचं पण, आणि आपल्या आया लाईटबिलांच्या तारेत त्या वर्षानुवर्षं ओवून ठेवायच्या. तुमच्या घरी तशी तार असेल तर 1992 ते 2015 मधल्या पावतीचा फोटो काढून पाठवा, तुमचा पत्ता आणि नाव झाकून, फक्त गाव, वर्ष आणि नेटवर्कचं नाव दिसू द्या. आणि कॅसेट असतील तर कृपा करून त्या घरच्या जुन्या व्हीसीआरमध्ये घालून बघू नका, बुरशी हेडला लागते आणि मग चांगल्या कॅसेट पण खराब होतात. उभ्या ठेवा, पत्र्याखालून काढून थंड कोरड्या खोलीत आणा, आणि वर पेनने लिहा की कोणी शूट केलं, साधारण कुठलं साल, आणि माहिती असेल तर तेव्हा ती कंट्रोल रूम कोणाची होती.